किरणांनी पोळलेल्या तोंडाला उजेडाचा दिलासा

तुमच्यापैकी कितीतरी जणींनी बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपले बाळ निळ्या दिव्याखाली ठेवलेले पाहिले असेल. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि आपण काचेबाहेर जीव मुठीत धरून उभ्या! काविळीच्या तान्ह्या बाळांना उजेड देण्याची ही कल्पना इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या इस्पितळात १९५६ साली सुचली, आणि तीही एका परिचारिकेच्या नजरेमुळे. सिस्टर वॉर्ड आपल्या कक्षातल्या अशक्त बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात नेत असत. एका बाळाचे उघडे अंग उन्हाने फिके झाले होते आणि चादरीखाली झाकला गेलेला तेवढा त्रिकोण मात्र पिवळाधमक राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला, आणि तिथून पुढे काविळीचे दिवे आले. आपल्या आज्या बाळाला न्हाऊमाखू घालून उन्हात धरत, त्यात काहीतरी तथ्य होतेच म्हणायचे.

आज ज्या उजेडाविषयी लिहायचे आहे तो मात्र निळा नाही, तांबडा आहे. आणि ज्या मुलांसाठी तो आहे त्यांचे दुखणे आठवडाभरात विसरून जाण्याजोगे नाही. डोक्याच्या किंवा मानेच्या भागातल्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या मुलांचे तोंड आतून सोलवटून निघते. तसे होऊ नये, झालेच तर लवकर भरून यावे, म्हणून हा उजेड देतात. ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. पूर्वी ‘लो लेव्हल लेझर’ म्हणत. पुष्कळ डॉक्टर अजूनही तेच म्हणतात. नाव पाठ करायची गरज नाही, पण कुठेतरी लिहून ठेवा. आपल्या घरात नसली तरी नात्यागोत्यात, शेजारीपाजारी विचारायची वेळ कुणावर येईल ते सांगता येत नाही.

एक घोटाळा आधीच निस्तरते. आपल्याकडे किरणोपचाराला ‘शेक देणे’ म्हणतात, कुणी कुणी ‘लाइट देणे’ असेही म्हणतात. तो ‘लाइट’ निराळा. ते क्ष-किरणांच्या जातीचे, पण फार जोरकस आणि डोळ्यांना न दिसणारे किरण असतात आणि त्यांचे काम गाठीतल्या पेशी मारणे हे आहे. आपला हा तांबडा उजेड कशालाच मारत नाही. कर्करोग तो बराही करत नाही. तेव्हा ‘शेक नको, उजेडच देऊ या’ असा विचार कुणाच्या मनात चुकूनही यायला नको. शेक सोसता यावा, मध्येच थांबवावा लागू नये, एवढ्यासाठीच हा उजेड.

तोंड का येते?

आपल्या तोंडातली आतली कातडी फार नाजूक, आणि फार कष्टाळूही. दहा-पंधरा दिवसांत ती जुनी टाकून नवी होते. म्हणून तर गरम चहाने पोळलेली जीभ दोन-तीन दिवसांत ठीक होते. पण किरणांचा मारा नेमका भराभर वाढणाऱ्या पेशींवर जास्त होतो. गाठीच्या पेशी तशाच, आणि बिचारी ही तोंडातली कातडीही तशीच. जुनी झिजते आणि नवी तयार होत नाही, असे दिवस येतात.

किरणोपचार बहुधा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतो. पहिला आठवडा निभावतो. आईला वाटते, उगीच घाबरलो होतो आपण. दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाललाल होते, तिसऱ्यात पांढरे चट्टे पडतात, साल निघते. लाळ दाट होते, चव जाते, थुंकी गिळणेही नको होते. शेक संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ते भरून येते. कुणाला कमी होते, कुणाला जास्त. केमोथेरपीही सोबत चालू असेल तर बहुधा जास्तच. पोटावर किंवा पायावर शेक असेल तर मात्र शेकामुळे तोंड येत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण शेक म्हटले की तोंड जाणारच अशी एक धास्ती आपल्याकडे आहे.

मोठ्या माणसाला हे सांगून सोसायला लावता येते. पाच वर्षांच्या मुलाला काय सांगणार? त्यातून लहान मुले यंत्राखाली स्वस्थ पडून राहत नाहीत, म्हणून पुष्कळदा त्यांना रोज भूल द्यावी लागते. भूल द्यायची म्हणजे सकाळपासून उपाशी ठेवायचे. आधीच तोंड आलेले, खाण्याचे तास कमी झालेले, आणि भूल उतरल्यावर मूल चिडचिडलेले. वजन उतरायला कितीसा वेळ लागणार? आणि वजन उतरणे ही नुसती आईच्या काळजाची गोष्ट नसते. डोके जराही हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात. चेहरा सुकला की तो सैल होतो, आणि किरणांचा नेम इकडचा तिकडे होऊ नये म्हणून कधी कधी तो पुन्हा करावा लागतो. नाकातून नळी घालून अन्न देण्याची वेळ येते. सोललेल्या तोंडातून जंतू रक्तात शिरायला वाट मिळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेक चार-सहा दिवस थांबवावा लागतो. इथे आपल्याला वाटते, चला, पोराला जरा विश्रांती मिळाली. पण त्या विश्रांतीत नुसते तोंडच सावरत नाही हो, गाठीच्या उरलेल्या पेशीही सावरतात. म्हणून डॉक्टर खाडा होऊ नये यासाठी एवढे जिवाचे रान करतात.

मी शाळेत आठवड्यातले चार दिवस मराठी आणि इतिहास शिकवते. माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाला नाकाच्या मागे गाठ निघाली. आई-वडील त्याला घेऊन मुंबईला गेले, डोंबिवलीला मावशीकडे राहिले आणि रोज गाडीच्या गर्दीतून त्याला शेकाला नेत राहिले. चार महिन्यांनी परत आले तेव्हा मी वह्या घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मुलगा टोपी घालून खिडकीशी बसला होता. त्याच्या आईने मला स्वयंपाकघरात नेले आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचना.

“बाई, तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा पेला दिसला तरी त्याचे डोळे भरायचे. वरणाचं नुसतं पाणी चमच्याने द्यायचे, एक वाटी जायला पाऊण तास. मग चार दिवस शेकच बंद ठेवला. त्यानंतर तिथल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, आपण लेझर देऊन बघू. मला वाटलं, आता आणखी काय जाळणार हे! पण नुसता लाल दिवा हो. टॉर्चसारखा. पाच-सहा दिवसांनी पोराने आपण होऊन पेज मागितली.”

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “हेच पहिल्या दिवशी का नाही केलं, एवढंच मला कळत नाही.”

पेज मागितली ती उजेडामुळे की चार दिवस शेक थांबल्यामुळे, हे खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. आईची मात्र खात्री आहे, आणि मी काही तिच्याशी वाद घातला नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. या लेखाचे कारण तेच.

उंदरांचे केस आणि अवकाशातले बटाटे

लेझर म्हटले की आपल्यासमोर कापणारी, जाळणारी रेघ येते. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला, आणि लगेच डॉक्टरांना वाटू लागले की याने कर्करोगाच्या गाठी जाळता येतील. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात एंद्रे मेस्टर नावाच्या शल्यवैद्यांनी १९६७ च्या सुमारास तेच करून पाहायचे ठरवले. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले आणि लेझर सोडला. पण त्यांचे यंत्र फारच मवाळ निघाले, गाठींवर काही परिणाम होईना. मात्र ज्या उंदरांवर लेझर सोडला होता, त्यांचे भादरलेले केस इतर उंदरांपेक्षा लवकर उगवले! दुसरा एखादा असता तर यंत्राला दोष देऊन मोकळा झाला असता. मेस्टरनी मात्र विचार केला की मवाळ उजेड जाळत नाही, उलट काहीतरी वाढवतो आहे. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे न भरणाऱ्या पायांच्या जखमांवर तो वापरून पाहिला.

दुसरी गोष्ट तर आपल्या भाजीच्या टोपलीतली आहे. १९९५ साली अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ यानात बटाटे वाढवण्याचा प्रयोग झाला. अवकाशात ऊन कुठले? म्हणून झाडांसाठी थंड राहणारे, कमी वीज खाणारे खास बारीक दिवे केले होते, ज्यांना आपण एलईडी म्हणतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. हॅरी व्हेलन यांनी हेच दिवे माणसांच्या जखमांसाठी वापरायचे ठरवले. अस्थिमज्जा-प्रत्यारोपण करायच्या मुलांचीही तोंडे अशीच सोलवटून निघतात. त्या मुलांच्या गालाला बाहेरून हा तांबडा दिवा रोज थोडा थोडा वेळ लावला. २००२ साली त्यांनी जे निष्कर्ष छापले त्यांत या मुलांना एरवीपेक्षा कमी त्रास झाल्याचे म्हटले होते. प्रयत्न छोटा होता, पण त्यातून लहान मुलांचा विचार पुढे आला.

हा उजेड करतो तरी काय? आपल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात असे समजा. शास्त्रज्ञ त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढायचे काम तिथे चालते. त्या चुलीत एक प्रथिन आहे, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. ते तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड शोषून घेते. रशियातल्या टीना कारू या शास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात हा धागा पकडला. मार खाल्लेल्या पेशीत या चुली मंदावलेल्या असतात. उजेड पडला की त्या पुन्हा धगधगू लागतात, सूज उतरते आणि नवी कातडी धरू लागते, असे आज मानतात. यात एक गंमत आहे. उजेड थोडा दिला तर काम होते, आणि फार दिला तर उपयोग होण्याऐवजी उलटेच होते. आपल्या मिठासारखे. म्हणून किती द्यायचा, किती अंतरावरून, किती सेकंद, हे ठरवणारा माणूस शिकलेलाच हवा.

देण्याची रीत अगदी साधी. मूल खुर्चीत किंवा आईच्या मांडीवर बसते. मुलाच्या, देणाऱ्याच्या आणि आईच्याही डोळ्यांवर गडद चष्मे, कारण लेझर डोळ्यांत जाऊ देऊन चालत नाही. पेनासारखी एक कांडी गालाच्या आतल्या बाजूला, ओठांच्या आत, जिभेच्या कडांना, जिभेखाली आणि मऊ टाळूला एकेका जागी काही सेकंद धरतात. चटका नाही, सुई नाही, वास नाही. सगळे मिळून दहा-वीस मिनिटे. तोंड उघडतच नसेल तर गालाला बाहेरून लावायचे दिवेही आहेत. शेकाच्याच दिवसांत, बहुधा शेकाच्या थोडे आधी, रोज किंवा आठवड्यातून तीन-चार वेळा हे करतात. लहान पोरांना लाल दिव्याची भीती वाटत नाही; खरी अडचण असते ती तोंड उघडून धरण्याची. एखादी गोष्ट सांगायला घ्या आणि तोंड मिटले की गोष्ट थांबवा! शाळेत हा उपाय मी दुसऱ्या कारणांसाठी रोज करते.

किती खरे?

आता तुम्ही म्हणाल, इतके सोपे आहे तर सगळीकडे का नाही? आणि असले ‘चमत्कारी’ उपाय तर रोज कानावर येतात. रास्त शंका आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

आपल्या देशातलाच एक मोठा अभ्यास मणिपालचा आहे. तोंड-घशाच्या कर्करोगासाठी शेक आणि औषधे एकदम घेणाऱ्या २२१ प्रौढ रुग्णांवर तो झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना खरा लेझर दिला, काहींना नुसतेच यंत्र लावले, आणि कुणाला काय मिळाले ते रुग्णांना कळू दिले नाही. खरा लेझर मिळालेल्यांचे तोंड कमी आले, दुखणे कमी राहिले, जहाल वेदनाशामक औषधे कमी लागली. मुलांपुरते पाहायचे तर इटलीत केमोथेरपीने तोंड फार आलेल्या १०१ मुलांवर असाच अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. तिथेही उजेड मिळालेली मुले लवकर सावरली.

पण ब्राझीलमध्ये २००७ साली साठेक मुलांवर केलेल्या अभ्यासात उजेड दिलेली आणि न दिलेली यांत काहीच फरक दिसला नाही. मला तर तो अभ्यास फार शहाणपणाचा वाटला. कारण त्यातल्या सगळ्याच मुलांच्या तोंडाची नीट निगा राखली जात होती. म्हणजे निगा हा पाया, उजेड त्याच्यावरचा. पाया सोडून नुसत्या उजेडामागे धावायचे नाही. आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मुलांवरचे बहुतेक अभ्यास केमोथेरपीचे आणि अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचे आहेत. शेकाचे पुरावे मुख्यतः मोठ्या माणसांचे, आणि ते मुलांना लागू धरले आहेत.

तरीही जाणत्यांचे मत हळूहळू एका बाजूला झुकत गेले आहे. इंग्लंडमध्ये कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने, नाइसने, २०१८ साली या उपचाराला हिरवा कंदील दाखवला. कर्करोगाच्या रुग्णांचे त्रास हलके करण्यासाठी काम करणारी मॅस्क नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० साली डोके-मानेच्या शेकात तोंड येऊ नये म्हणून याची शिफारस केली. आणि २०२१ साली खास मुलांसाठी वेगळी शिफारस निघाली, तीत डोके-मानेच्या शेकाचा उल्लेख आहे. या शिफारशींमध्ये भर कशावर आहे ते पाहा: तोंड आल्यावर बरे करण्यापेक्षा ते येऊ न देण्यावर. त्या आईच्या प्रश्नात नेमके हेच होते.

राहिली सगळ्यात मोठी भीती. उजेडाने पेशी तरतरीत होतात, तर मग गाठीच्या पेशीही तरतरीत होणार नाहीत का? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे, तेव्हा तो विचारायला लाजू नका. ब्राझीलमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ९४ प्रौढ रुग्णांकडे पुढे काही वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा लेझर मिळालेल्यांमध्ये आजार बळावल्याचे दिसले नाही. असे असूनही खबरदारी म्हणून उजेड प्रत्यक्ष गाठीवर धरत नाहीत, तोंडातल्या निरोगी भागावरच धरतात. गाठ तोंडातच असेल तर निर्णय शेक देणाऱ्या डॉक्टरांनी आणि उजेड देणाऱ्यांनी मिळून घ्यायचा असतो.

आणि म्हणूनच हा दिवा घरी आणायचा नाही. हल्ली सुरकुत्या घालवणारे, गुडघे बरे करणारे लाल दिव्यांचे मुखवटे आणि पट्टे विकायला येतात. कुणी शहाणा नातेवाईक ‘तोच तर लाल उजेड, दवाखान्यात कशाला पैसे घालवता’ म्हणेल. त्या दिव्याची ताकद किती, किरण कोणत्या लांबीचे, किती वेळ द्यायचे, काही ठिकाण नसते, आणि गाठ कुठे आहे हे दिव्याला कळत नाही. चक्क नको म्हणा.

शेकाने मानेची किंवा गालाची बाहेरची कातडी काळवंडते, सोलते, त्यावरही हा उजेड देतात. तिथले चांगले पुरावे स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांवरचे, बेल्जियममधले आहेत. मुलांचे फारसे नाहीत. तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

विचारायचे कधी?

शेकाची तारीख ठरवायला बोलावतात, मुखवट्याचे माप घेतात, त्या दिवशी. तिसऱ्या आठवड्यात नव्हे. डॉक्टर घाईत असतात, त्यांच्यापुढे रांग असते, आणि आपण ‘त्यांना कळतंच की’ म्हणून गप्प राहतो. तसे राहू नका. घरूनच कागदावर लिहून न्या: माझ्या मुलाच्या तोंडावर, घशावर किरण पडणार आहेत का? तोंड येऊ नये म्हणून इथे लेझर किंवा तांबडा उजेड देतात का? देत नसतील तर जवळपास कुठे, आणि तो देणारे तुमच्याशी बोलून देतील का? माझ्या मुलाच्या गाठीची जागा पाहता तो चालेल का? चार प्रश्न. आपल्याकडे हे यंत्र सगळ्या इस्पितळांत नसते. कुठे दंतविभागात असते, कुठे भौतिकोपचार विभागात असते आणि शेकाच्या विभागाला त्याची आठवणही नसते. मणिपालला तर पुष्कळसे काम भौतिकोपचार करणाऱ्यांनीच केले. नसले तर नसले म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, कारण ब्राझीलच्या त्या मुलांची गोष्ट मघाशी सांगितलीच.

शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. किडलेला, टोकदार दात असेल तर त्याची सोय आधीच लावलेली बरी. नंतर फार जड जाते. दात घासायला अगदी मऊ केसांचा ब्रश घ्या, तोंड आले तरी घासणे सोडायचे नाही. फारच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून ओल्या मऊ कापडाने पुसून काढा. पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. ज्याला चूळ भरून थुंकता येते त्यालाच हो, अगदी लहानांना नाही. बाजारातली झणझणीत चूळ भरायची औषधे नकोत. त्यांत बहुधा अल्कोहोल असते.

आपली घरगुती औषधे? जाईचा पाला चघळायला देतात, टाकणखाराची लाही मधातून लावतात. एरवीच्या तोंड येण्याला आपण हे करत आलो, पण इथे नको. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो मुलांच्या पोटात जाणे मुळीच चांगले नाही. आणि पाल्यावरची धूळ, जंतू सोललेल्या तोंडाला झेपत नाहीत. मधाचा काही उपयोग होतो असे मोठ्यांवरच्या अभ्यासांत दिसले आहे, पण तोही डॉक्टरांना विचारून, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. बर्फाचा खडा चोखून बरे वाटते हे खरे. तोंड येऊ नये म्हणून त्याचा खरा उपयोग मात्र केमोथेरपीच्या काही ठराविक औषधांच्या वेळीच होतो.

खायला जे गिळेल ते, थंड किंवा कोमट. तिखट, आंबट, कडक, खारट बाजूला. मऊ गुरगुट्या भात आणि मुगाचे साधे वरण तूप घालून, रव्याची पातळ खीर, दुधात भिजवून कुस्करलेले केळे, साबुदाण्याची पेज, नाचणीचे दुधातले सत्त्व, मऊ उकडलेला बटाटा दुधात घोटून. ताक चरचरते, पण ताजे गोड दही काहींना चालते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतील तर ते आधी विचारा. वेदनाशामक औषध लिहून दिलेले असेल तर ते खाण्याच्या अर्धा तास आधी द्या, म्हणजे निदान दोन घास सुखाने जातील. ‘एवढं तरी खा’ म्हणून मागे लागण्यापेक्षा दर तासाला वाटीत दोन चमचे घेऊन जवळ बसलेले बरे. आणि मुलाने दिवसभरात पाणीसुद्धा घेतले नाही, किंवा ताप भरला, तर उद्याच्या शेकाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.

शेवटचा शेक झाला की घरी पेढे येतात. पण तोंडाला शेक संपल्याची खबर उशिरा पोचते. पुढचे आठवडा-दोन आठवडे ते तसेच, कधी जास्तही दुखते. तेव्हा गुळण्या बंद करू नका, आणि उजेड चालू असेल तर तो आणखी काही दिवस द्यायचा का ते विचारूनच गावी परता. चव यायला काही महिने जातात. लाळ तर पुष्कळ मुलांना पुढे बरेच दिवस कमीच राहते, दात लवकर किडतात, म्हणून दर काही महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवत राहावे लागते.

मूल शाळेत परत पाठवताना डॉक्टरांकडून शाळेच्या नावाने एक चिठ्ठी मागून घ्या. तोंड सुकते म्हणून तासाला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, आणि मधल्या सुट्टीखेरीजही थोडे थोडे खाऊ द्यावे, एवढ्या दोन ओळी पुरतात. आम्हा शिक्षकांना नियम मोडायला कागद लागतो.